गोटी नाही तर गाडी नाही

निपाणीला आगगाडी नाही. कधीच नव्हती. पुण्याहून बंगळूरला जाणारा रस्ता गावातून गेला, तंबाखूच्या वखारी आल्या, ट्रकांच्या रांगा लागल्या. पण रूळ मात्र मिरजेहून कुडची, रायबाग, घटप्रभा करीत आम्हाला पूर्वेकडून वळसा घालून बेळगावला गेले. आगगाडीत बसायचे तर कोल्हापूर गाठावे, नाहीतर चिकोडी रोड. हे 'रोड' प्रकरण परगावच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' असले की मूळ गाव तिथून लांब आहे असे समजावे, हा जुन्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता. चिकोडी रोडला उतरलेला माणूस चिकोडीत पोचत नाही, चिकोडीच्या रस्त्याला लागतो.

अशा या गावात आम्ही पाचसहा जण गेली काही वर्षे आगगाडी चालवतो. एका रिकाम्या वखारीच्या माडीवर तीन लांब फळ्या मांडल्या आहेत. पहिली कराड ते मिरज, दुसरी मिरज ते बेळगाव, तिसरी बेळगाव ते लोंढा, कॅसलरॉक आणि घाट उतरून गोव्यातले कुळे. रूळ रंगाने ओढलेले, गाड्या म्हणजे सागवानी तुकड्यांचे ठोकळे. मेल तांबडी, पॅसेंजर हिरवी, मालगाडी काळी, मिलिटरी स्पेशल पिवळी. आमच्यात एक सुतार आहेत, बेळगावकडचे एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत (त्यांना आम्ही नुसते 'मास्तर' म्हणतो), कुंडलकडचे एक वयस्क काका आहेत, आणि माझी कॉलेजात शिकणारी पुतणी वही सांभाळते. त्या वहीबद्दल पुढे सांगेनच.

छंद तसा आमचा एकट्याचा नव्हे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुले आहे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान गाड्या तिथे विजेवर धावतात, सिग्नल पडतात, फाटके लागतात. ते पाहून आलो तेव्हा आपणही असे काही करावे असे वाटले. पण आमची गाडी मीटरगेजची. त्या प्रमाणात मीटरगेजचा रूळ जेमतेम बारा मिलिमीटर रुंद भरतो आणि तसले रूळ नि इंजिने परदेशातून मागवावी लागतात. किंमत ऐकून सुतार म्हणाले, "एवढ्यात मी घराला माडी चढवीन." म्हणून ठोकळे. आणि खरे सांगायचे तर आम्हाला गाडी धावताना पाहायची नव्हतीच. ती का थांबते, हे पाहायचे होते.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत आणि इंग्लंडात, हे खेळाडू नुसती गाडी फिरवत नाहीत; वेळापत्रक लावून चालवतात. घड्याळ वेगाने पळवतात, एक जण कंट्रोलर होतो, बाकीचे ड्रायव्हर आणि स्टेशनमास्तर. काही जण त्यात युद्धही आणतात. पूल उडाला, सैन्याची गाडी आधी सोडा, कोळसा संपला, असे प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहून मध्येच काढायचे आणि सगळे वेळापत्रक पुन्हा बसवायचे. खेळ म्हणून हे नवे असेल, पण कागदावर युद्ध खेळायची रीत जुनी. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर ठोकळे हलवून अधिकाऱ्यांना शिकवीत. पुढे त्याच जर्मनीत रेल्वेचे वेळापत्रक हाच लढाईचा आराखडा होऊन बसला. १ ऑगस्ट १९१४ रोजी कैसरने सेनापती मोल्टकेला विचारले, की सगळे सैन्य पश्चिमेऐवजी पूर्वेला वळवता येईल का? मोल्टके म्हणाला, आता काही बदलता येणार नाही. युद्धानंतर त्याच सैन्याच्या रेल्वे विभागातल्या एका सेनापतीने पुस्तक लिहून ते शक्य होते असे मांडले. वेळापत्रकापुढे राजाचे चालेना, अशी ही गोष्ट आहे. आमच्या मास्तरांना ती फार आवडते.

आता आमचा खेळ. पाच मिनिटांचा एक तास, म्हणजे दोन तासांत एक अहोरात्र. हा सगळा मार्ग त्या काळी एकेरी होता, आणि एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून साधी पण कडक व्यवस्था असते. दोन स्टेशनांत तारेने जोडलेली यंत्रे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने संमती द्यायची, तेव्हाच यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडतो. तो गोळा वेताच्या कड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती नाही तोवर गाडी हलायची नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नाही. जिथे हे यंत्र नसे तिथे तारेवरून 'लाइन क्लिअर' घेऊन कागदी परवाना देत. आम्ही गोळ्याच्या जागी पोरांच्या काचेच्या गोट्या घेतल्या. दोन स्टेशनांत एकच गोटी. गोटी नाही तर गाडी नाही.

ही गोटी हातात घेतल्यावर १९४२ चा एक मुद्दा मला पहिल्यांदा नीट उमगला. 'चले जाव'च्या चळवळीत सातारा, बेळगाव, धारवाड या सगळ्या पट्ट्यात तारा तोडणे, रूळ उखडणे, स्टेशने जाळणे असे प्रकार झाले. रूळ उखडला की गाडी थांबणार हे कुणालाही कळते. तार तोडली तर काय होते? लहानपणी मला वाटे, बातमी पोचत नसेल, एवढेच. आमच्या पहिल्या डावात 'गोकाक रोड ते पाच्छापूर तार तुटली' अशी चिठ्ठी निघाली आणि मास्तरांनी दोन्ही स्टेशनांची गोटी उचलून खिशात टाकली. रूळ धड, इंजिन धड, पूल धड. आणि गाडी जागची हलेना. कारण तार गेली की यंत्र गेले. मग पुढच्या स्टेशनाशी बोलणे सुरू करायला इंजिन लेखी हुकूम घेऊन माणसाच्या चालीने, शिट्ट्या देत जाणार, ते तिथून परवाना आणणार, आणि मग मागची गाडी सुटणार. आमच्या फळीवर त्या एका चिठ्ठीने बेळगावच्या अलीकडे तीन आणि पलीकडे दोन गाड्या अडकल्या. रूळ काढायला पहारी लागतात, चारसहा माणसे लागतात. तारेला एक कोयता पुरे.

दुसरा डाव शेणोलीचा. तो आम्ही खेळावा की नाही यावर मोठा वाद झाला.

७ जून १९४३. सातारच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड, ज्यांना पुढे सगळे कॅप्टन भाऊ म्हणून ओळखत, हे त्या कामाचे पुढारी. शेणोली म्हणजे कराडच्या पुढचे, किर्लोस्करवाडीच्या अलीकडचे स्टेशन, आपल्याच मार्गावरचे. रुळावर दगड रचून गाडी थांबवली, आणि थांबल्याबरोबर मागच्या डब्याच्या पाठीशीही दगड रचले, म्हणजे गाडीला मागे सरता येऊ नये. हाताशी कोयते, काठ्या आणि थोडे गावठी बॉम्ब. सुमारे दहा मिनिटांत काम झाले. जी रक्कम मिळाली ती एकोणीस हजारांच्या वर होती. त्या काळी हा आकडा लहान नव्हे.

मागे रचलेल्या दगडांवर मी पुष्कळ विचार केला आहे. पुढचे दगड कोणीही रचील. एकेरी मार्गावर अडलेली गाडी मागच्या स्टेशनाकडे सरकू शकते आणि तिथून मदत मागू शकते, हे ज्याला ठाऊक आहे तोच मागचे दगड रचतो. रूळ, पूल, वाघिणी काही न मोडता, घटकाभर त्या गाडीपुरती रेल्वे त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. किती नेमके काम!

पण काकांना हे मोजमाप पटेना. त्यांच्या घरातली माणसे त्या चळवळीत होती. मी पाटीवर लिहीत होतो, शेणोलीला इतका खोळंबा, मिरजेला कोल्हापूरची जोडगाडी चुकली, बेळगावला पॅसेंजर इतकी उशिरा. काका म्हणाले, "पोरांनी जीव मुठीत धरून गाडी अडवली, आणि तुम्ही ती किती लेट झाली ते लिहिताय. तुम्ही कोणाच्या बाजूने खेळताय?" माडीवर एकदम शांतता झाली. प्रश्न खरा होता. वेळापत्रक नेहमी सरकारच्या बाजूचे असते. 'सुरळीत' हा शब्दच पाहा. १९४३ साली गाड्या सुरळीत चालणे म्हणजे सैन्य, दारूगोळा आणि साहेबाचा पगार सुरळीत चालणे. पण त्याच गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबेही होते. त्यांत बसलेल्या माणसांनी कोणाची बाजू घेतलेली नव्हती.

त्या वादातून वही निघाली. पुतणीने सुचवले, की प्रत्येक हिरव्या ठोकळ्याखाली एक चिठ्ठी चिकटवायची आणि तीवर त्या गाडीतली चार माणसे लिहायची. नावे नकोत, फक्त कोण आणि कुठे निघालेत. बाळंतपणाला माहेरी निघालेली, उगारला कारखान्यात नोकरीवर हजर होणारा, मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला नेलेला म्हातारा, बेळगावच्या मराठा पलटणीतून रजेवर सुटलेला शिपाई. डाव संपला की आधी वही वाचायची. कोण पोचले, कोण राहिले. मिनिटांचा हिशेब नंतर. काकांनी हे मान्य केले. आणि त्यांनीच एक नियम घातला. भरलेल्या पॅसेंजरखालचा रूळ उखडल्याची चिठ्ठी मडक्यात टाकायची नाही. टाकायचीच असेल, तर टाकणाऱ्याने त्या चारही माणसांचे काय झाले ते स्वतःच्या हाताने वहीत लिहायचे. आजवर ती चिठ्ठी कोणी टाकलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा आमचा सर्वांत कंटाळवाणा डाव हाच बहुधा सर्वांत खरा असावा. त्यात घातपाताची एकही चिठ्ठी नव्हती. नुसत्या पिवळ्या गाड्या वाढवल्या आणि काळ्या वाघिणी कमी केल्या, कारण हिंदुस्थानातली इंजिने आणि वाघिणी तेव्हा मध्यपूर्वेच्या आघाडीवरही गेल्या होत्या, काही शाखामार्गांचे तर रूळही उचलले गेले. पिवळीला वाट द्यायची म्हणून बाकीच्या गाड्या लूपमध्ये उभ्या. गुळाची वाघीण एकाच स्टेशनात दोन दिवस. आमच्या निपाणीची तंबाखू मुळात रस्त्यानेच जायची. पण पेट्रोलवर नियंत्रण आले आणि पाठीला कोळशाची भट्टी बांधलेल्या मोटारी दिसू लागल्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचे. असो. रेल्वे नसलेल्या गावालाही रेल्वेच्या टंचाईची झळ लागते ती अशी.

खरा धक्का बसला तो १९५५ च्या डावात.

आधी मार्गाविषयी थोडे सांगायला हवे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून मुरगावची रेल्वे निघाली. गोव्यातला सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग पोर्तुगीज हद्दीतल्या कंपनीचा, आणि १८८८ मध्ये तो घाटमाथ्यावर आपल्याकडच्या सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या मार्गावरचे वाहतुकीचे कामही आपल्याकडच्या रेल्वेनेच पाहिले. म्हणजे हद्द होती, जकात होती, कॅसलरॉकला सामान उघडून दाखवावे लागे. पण गाडी दोन्हीकडे एकाच हाताने चाले. दूधसागरावरून घाट चढताना मागे जोडइंजिन लावावे लागे, एवढाच काय तो अडथळा.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले आणि कॅसलरॉकच्या पुढे गाडी जाणे बंद झाले. पूल उडाला नाही, तार तुटली नाही. एक हुकूम निघाला.

आम्ही तिसऱ्या फळीचा शेवटचा हातभर तुकडा काढून भिंतीला टेकवला आणि डाव सुरू केला. आणि काय सांगावे! इतका सुरळीत डाव आम्ही कधी खेळलो नव्हतो. घाट नाही, जोडइंजिन नाही, जकातीचा खोळंबा नाही. लोंढ्याहून गाड्या वेळेवर परत फिरत होत्या. मास्तरांनी शेवटी पाटीवर लिहिले, सर्व गाड्या वेळेवर. मग पुतणीने वही उघडली आणि विचारले, "कुळ्याच्या पुढच्या माणसांचे काय लिहू?" बेळगावात शिकायला राहिलेला मडगावचा मुलगा, खानापूरला दिलेली सांगे तालुक्यातली लेक, गोव्याच्या बाजाराला भाजी लावणारा बेळगावचा अडत्या. त्यांची गाडी चुकली नव्हती. त्यांना गाडीच नव्हती. ज्या गाडीचे वेळापत्रकच काढून टाकले ती उशिरा कशी येणार? पाटीवर त्यांना जागाच नव्हती.

ही कोंडी सहा वर्षांहून अधिक चालली. पोर्तुगालने गुडघे टेकले नाहीत. बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून असे जहाजाने येत राहिले. मुरगावातून खनिज बाहेर जात राहिले. दाभोळीला विमानतळ झाला. कोंडी करायचा हेतू रास्त होता असे मी मानतो. सत्याग्रहींच्या रक्तानंतर गाड्या पूर्ववत चालू ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. पण तिचा भार लिस्बनपेक्षा लोंढा, खानापूर, बेळगाव आणि पलीकडे मडगाव, सांगे यांनी अधिक वाहिला, हेही वहीत दिसते. सीमेवर राहणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये इकडच्या-तिकडच्या एसटी काही दिवस थांबल्या, तेव्हा स्टँडवर बसलेल्या माणसाला वाद कोणता हे माहीत होते. त्याला विचारायचे होते ते एवढेच, की कोल्हापूरची गाडी कधी.

१९६१ चा डाव आम्ही या उन्हाळ्यात लावला, आणि तो अजून पुरा झालेला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या कारवाईसाठी सैन्य जमले ते आपल्या बेळगावात. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड. सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमाने उडाली आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला झाला. सांबरा हे आमच्या फळीवरचे बेळगावच्या अलीकडचे स्टेशन. तिथे सुतारांनी एक काडेपेटी विमानतळ म्हणून ठेवली आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत ही मोहीम दीड-दोन दिवसांची. १८ डिसेंबरच्या पहाटे सैन्य आत शिरले, १९ च्या रात्री शरणागती झाली. आमच्या फळीवर मात्र लढाई सुरू व्हायच्या आधीच दमछाक झाली. कारण गेज. उत्तरेकडून येणारी ब्रॉडगेज तेव्हा पुण्यात संपत असे. पुढे मिरज-बेळगाव सगळे मीटरगेज. त्या बाजूने रेल्वेने येणारे सामान पुण्याला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचे. मोठ्या वाघिणीतला माल लहान वाघिणीत मावत नाही, म्हणजे एका गाडीच्या दोन होतात. त्या दोन गाड्यांना एकेरी मार्गावर दुप्पट गोट्या लागतात. आणि परत जाणाऱ्या रिकाम्या वाघिणींनाही वाट द्यावीच लागते. हे शेवटचे सगळे विसरतात. आमचा डाव अडला तो भरलेल्या गाड्यांनी नव्हे, बेळगाव यार्डात साठलेल्या रिकाम्या वाघिणींनी. शत्रूने काहीच केले नव्हते. माझे वडील सांगत, की त्या दिवसांत निपाणीच्या रस्त्यावरून रात्ररात्र मिलिटरीचे ट्रक दक्षिणेकडे जात आणि घरातली भांडी मांडणीवर वाजत. रस्त्याने एवढे का नेले, याचा काही अर्थ मला त्या यार्डाकडे पाहताना लागला.

६३ वी ब्रिगेड अनमोड-मोले बाजूने घाट उतरली, पोर्तुगीजांनी माघारी जाताना पूल उडवले, हे सगळे रस्त्यावरचे. रेल्वेचा डाव शरणागतीनंतर पुन्हा सुरू होतो. भिंतीला टेकवलेला तुकडा आम्ही परत जोडला. सुतारांना वाटले, झाले, आता गाडी सोडा. मास्तरांनी हात आडवा धरला. घाटात सहा पावसाळे गाडी गेलेली नाही. दूधसागरचा पाऊस आहे तो. दरड आली असेल, स्लीपर कुजले असतील, मोऱ्या तुंबल्या असतील, बोगद्यांत पाणी असेल. आधी माणूस हातोडी घेऊन चालत जाईल. मग ट्रॉली. मग एकटे इंजिन. मग रिकामे डबे. माणसे सर्वांत शेवटी.

त्या रात्री ट्रॉली करंझोळपर्यंत गेली आणि वीज गेली. आता कार्तिकात बसू. तोवर हिरवा ठोकळा कॅसलरॉकलाच उभा आहे, खाली मडगावच्या मुलाची चिठ्ठी आहे, आणि गोटी मास्तरांच्या खिशात.